आत जाणारे आणि बाहेर येणारे: गडचिरोलीतल्या अनुभवावरून एका आईला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा १९ वर्षांचा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. गेले आठ महिने रात्ररात्र फोनवर असतो. जेवताना 'त्या लोकांना गोळ्या घातल्या पाहिजेत' असं सहज बोलून जातो आणि वडिलांनी वाद घातला की ताटावरून उठतो. माणूस अशा टोकाला कसा पोचतो, तिथून परत येतो का आणि घरच्यांनी काय करायचं, हे तुम्ही विचारलंय. 'ते लोक' म्हणजे कोण आणि मुलगा कुठल्या बाजूचा, हे तुम्ही लिहिलं नाहीत. संकोच वाटला असेल. माझ्या उत्तराला ते फारसं लागतही नाही.

आधी माझी मर्यादा सांगून टाकतो. मी मूळचा वर्धेकडचा. गेली २२ वर्षं गडचिरोली जिल्ह्यात, मुख्यतः धानोरा, एटापल्ली आणि भामरागड तालुक्यांत काम करतोय. नक्षल दलमातून, म्हणजे जंगलातल्या सशस्त्र तुकडीतून, बाहेर आलेल्यांची कागदपत्रं, कोर्टाच्या तारखा, दवाखाना, नवरा-बायकोची भांडणं, पोरांच्या शाळा, असं ते काम. फोनवरून बिघडलेली शहरी पोरं मी फार पाहिलेली नाहीत. त्यामुळे जंगलातलं जे माहीत आहे ते सांगतो. त्यातलं तुमच्या घराला किती लागू पडतं ते शेवटी बघू.

इथे येणारे पत्रकार आणि अभ्यासक बाहेर आलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात, 'तू का गेलास?' उत्तर मिळतं, पण ते पाठ झालेलं असतं. पोलिसांपुढे एक, पत्रकारापुढे दुसरं, आणि दलमात असताना वरच्यांपुढे तिसरं. ते खोटंच असतं असं नाही, कारण माणूस स्वतःलाही तेच सांगत आलेला असतो. मी वेगळं विचारतो: त्यांच्यासाठी पहिलं काम कुठलं केलंस? मग तो थांबतो, जरा हसतो, आणि खरी गोष्ट बाहेर यायला लागते. भात नेऊन दिला. पुढच्या गावची वाट दाखवली. कुणाची तरी पिशवी उचलली. नाचात ढोल वाजवला. शोषणाविरुद्ध लढायचं ठरवलं, असं पहिलं काम मला आजवर कुणीही सांगितलेलं नाही.

याला एक पार्श्वभूमी आहे आणि ती गाळून बोलणं बरोबर नाही. १९६७ साली बंगालमध्ये नक्षलबारीला उठाव झाला, त्याच्याशी इथल्या माडिया आदिवासी माणसाचा काडीचा संबंध नव्हता. १९८० साली आंध्रात कोंडापल्ली सीतारामय्यांनी पीपल्स वॉर ग्रुप ही नक्षल संघटना काढली आणि त्याच सुमारास त्यांची दलमं सिरोंचाच्या बाजूनं नदी ओलांडून इकडे आली. तेव्हा हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता, गडचिरोली वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. जंगलात राज्य नाकेदाराचं, म्हणजे वनखात्याच्या रक्षकाचं. घर शाकारायला चार बांबू तोडले तरी कोंबडी द्यायची, नाहीतर केस. तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा, पुडा ७० पानांचा, त्याचे पैसे ठेकेदार देईल तेवढे. दलमांनी आल्या आल्या जे केलं ते एवढंच की तेंदूची आणि बांबूकटाईची मजुरी वाढवून घेतली आणि नाकेदाराची दादागिरी मोडली. माओचं नावही गावाला ठाऊक नव्हतं. बापाच्या हातात आधीपेक्षा जास्त पैसे पडले आणि ते कुणामुळे पडले, हे पोरानं डोळ्यांनी पाहिलं. मूळ अन्याय खरा असला की त्याच्या आधारानं सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरी वाटायला लागते. तुमच्या मुलाच्या बाबतीतही असंच काही असेल. ज्या गोष्टीचा त्याला राग येतो, तिच्यात कुठेतरी एक खरा कण असणार. तो कण नाकारलात की तुमचं पुढचं काहीही तो ऐकणार नाही.

आता पायऱ्या कशा असतात ते सांगतो. दलम संध्याकाळी गावाबाहेर मुक्काम टाकतं. संघमचा, म्हणजे त्यांच्या गावपातळीवरच्या संघटनेचा, माणूस घरोघर भात गोळा करतो आणि तो पोचवायला अकरा-बारा वर्षांचं पोर पाठवतो. पोराला तिथे काय दिसतं? गणवेश, बंदूक, आणि विशेष म्हणजे त्याच्याशी त्याच्याच भाषेत नीट बोलणारी मोठी माणसं. आश्रमशाळेतले गुरुजी मराठीत ओरडतात, हे गोंडीत गाणी शिकवतात. त्यांच्या चेतना नाट्य मंचाची पथकं गावोगाव नाचगाण्याचे कार्यक्रम करत. ज्या गोटुलात, म्हणजे गावातल्या तरुणांच्या घरात, पोरं एरवी नाचायची, तिथेच हेही होई. म्हणजे परकं काहीच नव्हतं. मग वाट दाखवणं, निरोप पोचवणं, पोलिसांची गाडी आली की कळवणं. प्रत्येक काम आधीच्या कामापेक्षा जेमतेम एका बोटानं मोठं. नाही म्हणावं अशी जागाच येत नाही, कारण काल एवढं केलंच होतं.

मग एक दिवस पोलीस येतात. गावात कोण भात पोचवतो, हे त्यांनाही कळतं. पोराला नेतात, दोन दिवस ठेवतात, कधी मारतात, कधी नुसतं बसवून सोडून देतात. सोडून दिलं तर जास्तच वाईट, कारण मग आतले विचारतात, 'तुला सोडलं कसं?' खबरी ठरलं की काय होतं, हे गावानं पाहिलेलं असतं. प्रेताशेजारी पत्रक ठेवलेलं असतं. अशा वेळी पोरगा आत जातो तेव्हा तो क्रांतीकडे जात नसतो. राहायला तेवढी एकच जागा उरलेली असते. मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं शेवटचं पाऊल या दोन दिवसांनंतर पडलेलं आहे.

हेच मोठ्या प्रमाणावर बघायचं असेल तर इंद्रावती नदीपलीकडे बघा. छत्तीसगडात २००५ साली सलवा जुडूम हे नक्षलविरोधी अभियान सुरू झालं. गावं रिकामी करून लोकांना छावण्यांत आणलं, पोरांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून बंदुका दिल्या. आमच्याबरोबर नाही तो त्यांचा, असा हिशेब. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०११ मध्ये ते घटनाबाह्य ठरवलं, पण तोवर सहा वर्षं गेली होती. मधोमध उभं राहून शेती करणाऱ्या माणसाची जागाच त्या काळात काढून घेतली गेली. ज्याचं घर जुडूमनं जाळलं त्याला पत्रक वाचून दाखवायची गरज राहिली नाही.

गरिबी आणि बेरोजगारी ही कारणं सगळे सांगतात. मला ती अपुरी वाटतात. गाव तेच, गरिबी तीच, तरी बहुतेक पोरं कुठेच जात नाहीत. १९९० साली जिल्ह्यात पोलिसांचं सी-६० हे नक्षलविरोधी पथक उभं राहिलं ते इथल्याच पोरांमधून. एकाच घरातला एक भाऊ सी-६० मध्ये आणि दुसरा दलमात, अशी उदाहरणं इथे नवीन नाहीत. घर एक, पेज एक, राग एक. दोघांत फरक काय, हे मी खूप शोधलं. बहुतेक वेळा एवढंच हाती लागलं की कोणाकडे आधी कोण आलं. एकाच्या मित्राला भरतीचा फॉर्म मिळाला, दुसऱ्याचा मित्र नाट्य मंचात ढोल वाजवत होता.

मुलींचं थोडं वेगळं आहे आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. नको असलेल्या माणसाशी लग्न ठरलं म्हणून निघून गेलेल्या मुली मला भेटल्या आहेत. माडियांमध्ये लग्न झालेल्या बाईनं पोलकं घालायचं नाही अशी रीत होती, दलमातल्या बायका तिच्याविरुद्ध बोलत. पँट-शर्ट घातलेली, बंदूक घेतलेली, पुरुषांना उलट उत्तर देणारी बाई गावात आली की पंधरा वर्षांच्या पोरीला काय वाटत असेल, याचा विचार करा. एकीनं मला सांगितलं होतं, 'मला बंदूक नको होती. मला तिच्यासारखं चालायचं होतं.'

मग विचारसरणी कुठे येते? ती नंतर येते. दलमात गेल्यावर नाव बदलतं आणि रोजचा वर्ग सुरू होतो. अनेक जण अक्षरओळख तिथेच शिकलेत, ही गोष्ट आपल्या शिक्षण खात्यानं कुठेतरी लिहून ठेवायला हवी. वर्गात सांगतात की तू भात नेलास ती जनतेची सेवा होती, तू वाट दाखवलीस ते युद्धातलं काम होतं, तुझ्या बापाची कोंबडी नाकेदारानं नेली ते वर्गशोषण होतं. आधी केलेल्या कामांना नावं मिळतात. ही नावं मिळाली की माणसाला आपलं सगळं मागचं आयुष्य एका सरळ रेषेत दिसायला लागतं आणि त्यात मोठं सुख असतं. मी याला ब्रेनवॉश म्हणत नाही. मेंदू धुतला असता तर परत आणणं सोपं गेलं असतं.

आता परत येण्याचं बोलू. तुम्हाला खरं तर हेच हवंय.

चळवळीचं तत्त्वज्ञान चुकीचं आहे असं पटलं म्हणून बाहेर आलेला माणूस मला क्वचितच भेटला. पहिली भेग फार साध्या ठिकाणी पडते. मलेरिया होतो आणि वरचा नेता औषधासाठी थांबत नाही. आई मेल्याचं सहा महिन्यांनी कळतं. हुकूम देणारे बहुतेक तेलुगू आणि पुढे चालणारे बहुतेक गोंड-माडिया, हे एक दिवस अचानक नजरेला टोचतं. किंवा खबरी म्हणून मारायला सांगितलेला माणूस ओळखीचा निघतो. तो माणूस निर्दोष आहे हेही माहीत असतं, आणि तरी गप्प बसावं लागतं. आपण गप्प बसलो, ही गोष्ट माणूस विसरत नाही. या भेगेनंतर लगेच कुणी निघत नाही. दोन-चार वर्षं सहज जातात.

नसबंदीबद्दल सविस्तर सांगायला हवं. दलमात लग्नाला पक्षाची, म्हणजे माओवादी पक्षाची, परवानगी लागते आणि लग्न करणाऱ्या पुरुषाची नसबंदी करतात, कारण पोटुशी बाई किंवा तान्हं मूल घेऊन जंगलात पळता येत नाही. विशीतल्या पोराला त्या वेळी त्याचं काही वाटत नाही. तिशीत वाटायला लागतं. बाहेरचे लोक समजतात की सरकारी बक्षिसाच्या पैशांसाठी ही मंडळी बाहेर येतात. मी जी जोडपी पाहिली, त्यांच्यातल्या कित्येकांचं बाहेर येणं एका कुजबुजीपासून सुरू झालं: 'आपल्याला पोर झालं असतं तर...' हे वाक्य दलमात मोठ्यानं बोलता येत नाही. दोघंच बोलतात, आणि पहिल्यांदाच दोघांचं असं काहीतरी तयार होतं जे पक्षाला माहीत नसतं. ती चोरटी जागा एकदा तयार झाली की पुढचं तिच्यातच ठरतं. आत्मसमर्पणानंतर अशा पुरुषांवर नसबंदी उलटवण्याची शस्त्रक्रिया करण्याची सोय इथे झाली. त्यानंतर जन्मलेली मुलं आता शाळेत जातात. पुनर्वसनाच्या सगळ्या योजनांमध्ये माणसाला बाहेर धरून ठेवण्यात याच्याइतकं काहीच उपयोगी पडलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे. घरकुलसुद्धा नाही.

वरच्या नेत्यांचं वेगळं असेल असं मला वाटायचं. मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती हे पॉलिट ब्युरोचे, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च समितीचे, सदस्य होते, चार दशकांहून जास्त काळ भूमिगत. त्यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत ६० साथीदारांसह, ५४ शस्त्रं घेऊन समर्पण केलं. आधी त्यांनी पत्रकं काढली होती की सशस्त्र लढा थांबवण्याची वेळ आली आहे. पक्षातल्या दुसऱ्या गटानं ते त्यांचं वैयक्तिक मत असल्याचं सांगितलं, नंतर त्यांना गद्दार ठरवलं. म्हणजे इथे तर विचारानंच माणूस बाहेर आला, असं म्हणता येईल. त्याच वर्षी मे महिन्यात छत्तीसगडातल्या अबूझमाडमध्ये पक्षाचे सरचिटणीस बसवराजू मारले गेले होते, जंगल चहूबाजूंनी आवळलं जात होतं, हेही त्यात आहेच. पण घराकडेही बघा. त्यांचे भाऊ किशनजी २०११ साली बंगालमध्ये मारले गेले. पत्नी तारक्का १ जानेवारी २०२५ ला इथेच मुख्यमंत्र्यांसमोर बाहेर आल्या. किशनजींच्या पत्नी सप्टेंबरमध्ये तेलंगणात बाहेर आल्या. त्यानंतर महिन्याभरात हे. कशामुळे काय झालं ते मी सांगू शकत नाही, त्यांनाच ठाऊक. पण बायको आणि भावजय बाहेर जिवंत आणि सुखरूप आहेत हे दिसत असताना घेतलेला निर्णय आणि ते दिसत नसताना घेतलेला निर्णय, यांत फरक पडत असणार. आणि त्यांचा मूळ विचार सुटला का? पत्रकांत तर ते संघर्ष सोडा म्हणत नव्हते, बंदूक सोडा म्हणत होते. इथल्या कामात मी तेवढंच मागतो. विचार ज्याचा त्याच्यापाशी राहू दे.

बाहेर येणं एका दिवसाचं काम आहे. खरी कसोटी पुढच्या पाच वर्षांत लागते. राज्याची आत्मसमर्पण योजना २००५ ची. तेव्हापासून जिल्ह्यात सातशेच्या वर लोक बाहेर आले. योजना चांगली आहे, पण मला तिच्यातल्या दोन गोष्टी खटकत आल्या आहेत. पहिली म्हणजे समारंभ. हातात बंदूक घेऊन फोटो, शेजारी बक्षिसाचा आकडा, दुसऱ्या दिवशी पेपरात नाव-गावासह बातमी. गावातल्या म्हाताऱ्या बापाचं त्या रात्री काय होईल, हा विचार फोटो काढणाऱ्याच्या डोक्यात नसतो. दुसरी म्हणजे लगेच वाटाड्या म्हणून वापरणं. पोलिसांची गरज मला कळते, माहिती ताजी असते तेव्हाच उपयोगाची. पण परवा बाहेर आलेल्या माणसाला आज त्याच्याच मित्रांच्या मुक्कामावर न्यायचं म्हणजे त्याला एका फौजेतून काढून दुसरीत घालणं झालं. घरी तो पोचलेलाच नाही. शेजारच्या छत्तीसगडमधल्या दंतेवाड्यात २०२० साली पोलिसांनी मोहीम काढली तिचं गोंडी नाव होतं 'लोन वर्राटू', म्हणजे घरी या. नाव छान आहे. माझा अनुभव असा की घरी येताच येत नाही. बहुतेक जण आपल्या गावी राहू शकत नाहीत, जिल्ह्याच्या ठिकाणी वसाहतीत राहतात. आधार कार्ड, रेशन कार्ड, जातीचा दाखला यांतलं काहीच नसतं. जुने गुन्हे आपोआप मिटत नाहीत, तारखा पडत राहतात. एक जण तीन वर्षं बूट घालून झोपायचा. बायकोनं एक दिवस बूट उचलून छपरावर टाकले, तेव्हा तिच्याशी चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी अनवाणी झोपला.

जिथे माणसाला मधोमध उभं राहायला पक्की जागा मिळाली तिथे काय होतं, हेही इथेच बघायला मिळतं. धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा नावाचं गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा आपला बांबू आपण विकते. निर्णय सगळ्यांच्या सहमतीनं. तिथला तरुण रागावला तर त्याला ग्रामसभेत उठून भांडता येतं, आणि भांडून कधी जिंकताही येतं. राग काढायला गावातच जागा मिळाली की तो घेऊन जंगलात जायची निकड राहत नाही, असा माझा समज आहे. मात्र एका गावावरून सगळ्या जिल्ह्याचा निष्कर्ष काढू नका. सुरजागडच्या लोखंडाच्या खाणीबद्दल आसपासच्या गावांत आजही दोन टोकाची मतं आहेत आणि दलम संपलं म्हणजे तो प्रश्न संपला असं समजणारे अधिकारी मला भेटतात तेव्हा मी गप्प बसत नाही.

हे फक्त जंगलातलं आहे का? जर्मनीत नवनाझी टोळ्यांतून बाहेर पडू पाहणाऱ्यांसाठी २००० साली 'एक्झिट' नावाचं काम सुरू झालं. सुरू करणाऱ्यांत एक पूर्वीचा पोलीस तपास अधिकारी आणि एक त्या टोळ्यांचाच पूर्वीचा म्होरक्या. त्यांची एक गंमत मला फार आवडते. २०११ साली गेरा शहरात कट्टर उजव्यांचा संगीताचा जलसा होता. तिथे त्यांनी कवटी आणि घोषणा छापलेले टी-शर्ट फुकट वाटले. पोरांनी आनंदानं नेले. घरी जाऊन धुतल्यावर वरची छपाई निघून गेली आणि खाली मजकूर दिसला: तुझ्या टी-शर्टला जमलं ते तुलाही जमेल, आम्ही मदत करतो. कुणी त्या जलशात जाऊन भाषण केलं असतं तर मार खाल्ला असता. इथे मात्र पोरगा एकटा असताना, घरात, हातात ओला कपडा असताना निरोप पोचला. चारचौघांत कुणीही माघार घेत नाही, हे ज्याला कळलं त्यानंच ही युक्ती काढली असणार.

आता तुमच्या घराकडे. पुण्यात दलम नाही, गणवेश नाही, भात पोचवायचा नाही. पण त्याचं पहिलं काम काय होतं, हा प्रश्न इथेही विचारता येतो. कुणीतरी त्याला कुठल्यातरी ग्रुपमध्ये घेतलं असेल. त्यानं एखादा व्हिडिओ पुढे पाठवला असेल, त्यावर अनोळखी वीस जणांनी शाबासकी दिली असेल. वर्गात त्याला कुणी विचारत नसेल, तिथे तो 'भाऊ' असेल. हे मी अंदाजानं लिहितोय. तुम्ही त्याला विचारा, पण जाब विचारल्यासारखं नको. 'तुला हे लोक कुठे भेटले रे, कसे आहेत?' एवढंच. मतांबद्दल विचारलंत की तो पाठ केलेलं बोलेल. माणसांबद्दल विचारलंत तर कदाचित स्वतःचं बोलेल.

वडिलांना सांगा, जेवताना वाद बंद. त्यांचे मुद्दे बरोबर असतील. पण ते आकडे आणि पुरावे घेऊन बसतात तेव्हा मुलगा विचार बदलत नाही, पुढच्या वेळची उत्तरं गोळा करतो, आणि ती देणारे लोक त्याच ग्रुपमध्ये बसलेले आहेत. शिवाय वाद हरला की त्याला घरात तोंड दाखवायला जागा राहत नाही. एकदाच, शांतपणे, त्यांनी म्हणावं: 'माणसं मारायची भाषा मला मान्य नाही, या घरात ती नको. बाकी तू काहीही बोल.' मग तो विषय त्यांनी आपणहून काढू नये. इथल्या एका बापाचा मुलगा अकरा वर्षं आत होता. ओळखीच्या कुणाकडून निरोप पाठवता आला की बाप फक्त एवढंच कळवायचा, यंदा धान किती झालं आणि कुठली गाय व्याली. परत ये असं एकदाही नाही. मुलगा मला नंतर म्हणाला, 'बाबा रागावलाय असं वाटलं असतं तर आलो नसतो.'

फोन काढून घेऊ का, असं विचारलंय. १९ वर्षांच्या मुलाचा फोन काढून घेता येत नाही, आणि काढलात तर पोलिसांनी दोन दिवस बसवून ठेवल्यावर जे होतं तेच होईल. त्याऐवजी त्याच्या अंगावर घरातलं एखादं खरं काम पडू द्या, ज्याच्यावाचून कुणाचं तरी अडेल. आजीला दर आठवड्याला दवाखान्यात न्यायचं, मामाच्या दुकानाचा हिशेब बघायचा. शिक्षा म्हणून सांगू नका, गरज म्हणून सांगा आणि ती खरीच असू दे. त्याला तिकडे काहीतरी होता आलंय, म्हणून तो तिकडे आहे. इकडे त्याला कुणी काही होऊ देत नसेल तर नुसतं ओढून उपयोग नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी धरा. बोलणं 'त्यांना मारलं पाहिजे' इथून 'अमक्या ठिकाणी, अमक्या दिवशी' इकडे सरकलं, घरात एखादं हत्यार दिसलं, पैसे कुठे जातात कळेनासं झालं, किंवा तो अचानक सगळ्यांशी गोड वागून वस्तू वाटून टाकायला लागला, तर नात्याचं, विश्वासाचं वगैरे माझं सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी पोलिसांकडे जा. बरोबर ओळखीचा वकील घेऊन जा. इथे कित्येक आयांना वाटत राहिलं की बोललो तर पोरगा जाईल. न बोलल्यामुळे गेलेली पोरं मी जास्त पाहिली आहेत. तुमच्या लिहिण्यावरून तसं काही अजून दिसत नाही.

तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय, बहुधा सहज: 'त्याचे शाळेतले मित्र हल्ली घरी येत नाहीत.' माझ्या दृष्टीनं तुमच्या सगळ्या मजकुरात हेच सगळ्यात काळजीचं वाक्य आहे, आणि हाताला धरायला जागाही इथेच आहे. त्यातल्या एकाची आई तुमच्या ओळखीची असेल. या रविवारी त्या दोघांना जेवायला बोलवा. मुलाला आधी सांगू नका, आणि त्या मित्राला समजावून सांगायला वगैरे तर मुळीच लावू नका. त्याला नुसतं येऊ दे.